भांडी घासताना शोध लागत नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिन पुरवणीत आपण आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंवर चौकट छापलीत. हे नाव मराठी वर्तमानपत्रात मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचायला बसले. वाचून होईपर्यंत चहा निवला होता आणि आनंदही. ‘एका गृहिणीला भांडी घासताना योगायोगाने पृष्ठताणाचा शोध लागला,’ असं पहिलंच वाक्य. सांगलीत तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, त्यामुळे लाल पेनाची खोड अजून गेलेली नाही. त्या वाक्याखाली मी तीन रेघा ओढल्या.

पहिल्या दोन चुका लगेच निकालात काढते. पॉकेल्सबाई गृहिणी नव्हत्या. त्यांनी लग्नच केलं नाही. आजारी आईवडिलांचं घर सांभाळणारी ती थोरली लेक होती, आणि आपल्याकडे या दोन गोष्टींत किती फरक असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसरं म्हणजे पृष्ठताण, म्हणजे पाण्याचं पृष्ठ ताणलेल्या पडद्यासारखं वागतं तो गुण, त्यांच्या जन्माआधीच माहीत होता. थॉमस यंग आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर लिहिलं होतं. तिसरी चूक मात्र मला दोन दिवस टोचत राहिली. ती म्हणजे तो ‘योगायोगाने’ हा शब्द. त्याच्यासाठीच हे पत्र.

बाई जन्मल्या १८६२ साली, व्हेनिसमध्ये. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं आणि वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात. वडिलांना हिवतापाने पोखरलं, नोकरी लवकर सुटली, आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. मुलींच्या शाळेत जेवढं विज्ञान शिकवायचे तेवढं त्या शिकल्या. विद्यापीठ मुलींना बंद होतं. पुढे दार किलकिलं झालं तेव्हा आईवडिलांनीच ‘जाऊ नकोस’ म्हणून सांगितलं. धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि तिथून बहिणीला पुस्तकं पुरवत राहिला. हा भाऊ पुढे नावाजला; विजेच्या क्षेत्रामुळे स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशावर होणाऱ्या एका परिणामाला त्याचं नाव आहे. तुमच्या चौकटीत बाईंची ओळख ‘प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञाची बहीण’ अशी आहे. असू दे. भावाने पुस्तकं पाठवली, त्याचे उपकार आहेतच.

आता भांड्यांकडे येते. बाईंच्या भावजयीने लिहून ठेवलंय की हे अगदी खरं आहे, यात कविकल्पना नाही: लाखो बायका जे तेलकट खरकटं पाणी रोज नाराजीने बघतात आणि ओतून टाकतात, त्यानेच या मुलीला निरीक्षणं करायला लावलं. म्हणजे भांडी होती, पाणीही होतं. पण संपादकसाहेब, सांगलीतल्या किती घरांत रोज किती परातींत तेलाचा तवंग पसरतो? कृष्णेच्या घाटावर किती पिढ्या कपडे धूत आल्या? योगायोग म्हणायचा तर तो आपल्या सगळ्याजणींच्या वाट्याला दिवसातून दोनदा येतो. त्या मुलीने पुढे काय केलं ते तुमच्या चौकटीत नाही, आणि खरी बातमी तीच आहे.

तिने पत्र्याची एक पन्हळ केली. ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर खोल. ती काठोकाठ पाण्याने भरायची आणि तिच्यावर दीड सेंटीमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची, पाण्याला टेकेल अशी. पट्टीमुळे पाण्याच्या वरच्या पृष्ठाचे दोन भाग होतात. पट्टी सरकवली की एक भाग आक्रसतो, दुसरा पसरतो. पिचकारीत दट्ट्याने पाणी दाबतो ना, तसं इथे फक्त पृष्ठ दाबलं जातं. मग ६ मिलिमीटर व्यासाची एक चकती, म्हणजे एखादं गुंडीएवढं बटण, तराजूच्या दांडीला लटकवून पाण्याला टेकवायचं आणि ते उचलून सुटायला दुसऱ्या बाजूला किती वजन टाकावं लागतं ते मोजायचं. वजन जास्त, तेवढा पृष्ठताण जास्त. झालं यंत्र. हे तिने केलं तेव्हा ती अठरा ते वीस वर्षांची होती. तराजूत वजन घालत, काढत, पट्टी सरकवत, पुसत, पन्हळ पुन्हा भरत ती पुढची जवळजवळ दहा वर्षं मोजत राहिली. कुठली पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, मार्गदर्शक नाही.

हे किती किचकट आहे ते मला ठाऊक आहे, कारण तो उद्योग मी केला आहे.

एम.एस्सी.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात माझा विषय भौतिक रसायनशास्त्र. आमच्या पुस्तकात या उपकरणाला लँगम्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने ‘लँगम्युअर ट्रफ’ म्हणत; ट्रफ म्हणजे पन्हळ. पॉकेल्स हे नाव कुठेच नव्हतं. ते मला कळलं फार उशिरा, नोकरीची वीस वर्षं झाल्यावर, एका भाच्याने ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाच्या जुन्या अंकातलं तिचं पत्र छापून आणून दिलं तेव्हा. मापं वाचली आणि दुसऱ्याच दिवशी गणपती पेठेत डबे झाळून देणाऱ्या एका कारागिराकडे गेले. कागदावर काढून दिलेलं चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘बाई, एवढी बुटकी पन्हळ कुठल्या कौलाला लावताय?’ तेव्हापासून शाळेत तिचं नाव ‘बाईंची पन्हळ’च पडलं. गंमत म्हणजे पॉकेल्सबाईंनी स्वतः ठेवलेलं जर्मन नाव ‘शीबेरिन्ने’. त्यातल्या ‘रिन्ने’चा अर्थ पन्हळच. त्या कारागिराला जर्मन येत नव्हतं, तरी भाषांतर अचूक.

नववीच्या सहा मुली आणि मी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. पहिले दोन शनिवार सगळं पाण्यात गेलं. एकच मोजमाप पाच वेळा घेतलं तर पाच आकडे. मुली म्हणाल्या, ‘बाई, काटाच खराब आहे.’ काटा उत्तम होता. खराब आम्ही होतो. एकीने वेणी मागे टाकली आणि त्याच बोटांनी पट्टी सरकवली. खोबरेल तेलाचा तेवढा स्पर्श पुरला. खडूची धूळ, हाताचा घाम, फडक्यातली ओशटी, सगळं पाण्यावर जाऊन बसत होतं. ७० बाय ५ म्हणजे ३५० चौरस सेंटीमीटरचं पृष्ठ. ते एका रेणूच्या थराने झाकायला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी तेल लागतं. वेणीवरून फिरलेल्या बोटाला याहून कितीतरी जास्त लागलेलं असतं!

तिथे मला पॉकेल्सबाईंचं खरं मोठेपण कळलं. पाण्याचं पृष्ठ स्वच्छ असतं असं सगळे धरून चालत होते. त्या मुलीने ओळखलं की ते जवळजवळ कधीच स्वच्छ नसतं, आणि त्याच पट्टीने केराची सुपली ओढावी तसा मळ एका टोकाला ढकलत न्यायची रीत बसवली. आधी केर काढायचा, मग मोजायचं. ही युक्ती, एवढ्यापुरती मान्य करते, घरकाम करणाऱ्या बाईलाच सुचावी अशी आहे. तिसऱ्या शनिवारी आम्ही धुण्याच्या सोड्याने हात धुतले, पृष्ठ तीनदा झाडून घेतलं, आणि लॅबमधलं ओलिइक आम्ल (तेलातलंच एक आम्ल) स्पिरिटमध्ये विरघळवून एक थेंब सोडला. (पॉकेल्सबाईंनी पुढे बेंझिन वापरलं होतं. ते नववीच्या मुलींच्या हाती द्यायची माझी छाती नव्हती.) पट्टी सेंटीमीटर-सेंटीमीटर सरकवत गेलो. बराच वेळ बटण सोडवायला तेवढंच वजन लागत राहिलं, जणू पाण्यावर तेल नाहीच. मग एका जागी आकडा एकदम घसरू लागला. आलेखाला कोपर फुटलं. वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, ‘बाई, आता गर्दी झाली.’

नेमकं तेच. त्या कोपरापर्यंत तेलाचे रेणू पाण्यावर विरळ पसरलेले असतात. कोपराशी त्यांचे खांदे एकमेकांना लागतात. हे १८९१ मध्ये कोणी सांगू शकत नव्हतं. बाईंनी फक्त कोपर दाखवलं, तेही चोख. त्याचा अर्थ १८९९ मध्ये लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांनी लावला: इथे थर एका रेणूएवढ्या जाडीचा झाला आहे, आणि ती जाडी सुमारे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेणू-अणू खरोखर असतात की ती नुसती हिशेबाची सोय आहे, यावर तेव्हा मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ वाद घालत होते. व्हिल्हेल्म ऑस्टवाल्डसारखा माणूस तर मानायलाच तयार नव्हता. आणि इकडे पत्रा आणि बटण घेऊन एका रेणूची उंची हाती लागली होती. त्या कोपराला आज ‘पॉकेल्स बिंदू’ म्हणतात.

रॅले यांच्यापर्यंत हे पोचलं कसं, तेही सांगते, कारण तो पत्राचाच किस्सा आहे. १० जानेवारी १८९१ ला बाईंनी त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. आपण पाण्याच्या पृष्ठांवर काम करता असं ऐकलं. काही कारणांमुळे मी माझी निरीक्षणं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध करू शकत नाही, म्हणून आपल्याला कळवते, असा मजकूर. ‘काही कारणांमुळे’! या दोन शब्दांत काय काय बसलंय ते ज्याने-त्याने वाचावं. रॅले हे इंग्लंडातले उमराव, पुढे १९०४ चं नोबेल मिळवणारे. ओळखदेख नसलेल्या एका परदेशी मुलीचं परक्या भाषेतलं पत्र. त्यांच्या पत्नीने त्याचं इंग्रजी केलं, आणि रॅले यांनी ते स्वतःच्या लेखात तळटीप म्हणून न जिरवता जसंच्या तसं ‘नेचर’कडे धाडलं, वर शिफारशीची चार ओळींची चिठ्ठी जोडून: या जर्मन महिलेने अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, जागा द्यावी. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं. आयुष्यात मी काही मार्गदर्शक जवळून पाहिले आहेत, त्यामुळे या प्रसंगात मला रॅले पॉकेल्सबाईंइतकेच आवडतात. नावं घेत नाही.

त्यानंतर बाईंचे लेख ‘नेचर’मध्ये आणि जर्मन नियतकालिकांत येत राहिले. पण घरची दुखणी वाढत गेली, १९१३ मध्ये भाऊ गेला, मग महायुद्ध, पुस्तकं येईनाशी झाली, आणि काम थांबलं. तुमच्या चौकटीत या भागाला ‘त्याग’ म्हटलंय. रोजनिशीत त्यांनी स्वतःला वृद्ध आईवडिलांच्या सेवेत आपल्या जागी उभ्या असलेल्या शिपायाची उपमा दिली आहे. शिपाई आपली नेमणूक आपण निवडत नाही, एवढंच मी म्हणेन. माझीही पीएच.डी. अशाच ‘काही कारणांमुळे’ राहिली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पण म्हणून कोणी माझी तुलना बाईंशी केली तर मी हात जोडेन. त्यांच्याकडे तीच कारणं होती आणि शिवाय दहा वर्षांच्या नोंदी होत्या. माझ्याकडे नुसती कारणं होती.

लँगम्युअरबद्दल तुम्ही लिहिलंय की त्याने बाईंचं ‘अपूर्ण काम पूर्ण केलं’. माणूस थोर, वाद नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बसून त्याने १९१७ मध्ये दाखवलं की तेलातुपातल्या स्निग्धाम्लाची साखळी लांब असो की आखूड, एक रेणू पाण्यावर साधारण तेवढीच जागा अडवतो, सुमारे २० चौरस अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). म्हणजे रेणू डोकं पाण्यात खुपसून उभे असतात. १९३२ चं नोबेल त्याला याच शाखेतल्या कामासाठी मिळालं. पण पन्हळ तीच, पट्टी तीच, केर काढायची रीतही तीच.

खरा पसारा त्यापुढे आहे आणि तुमच्या चौकटीत त्याचा एक शब्द नाही. १९२५ मध्ये हॉलंडात खोर्टर आणि ग्रेंडल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींचं स्निग्ध आवरण विरघळवून अशाच पन्हळीत पसरलं. जागा भरली पेशींच्या पृष्ठाच्या दुप्पट. त्यावरून कळलं की पेशीचं आवरण दुपदरी असतं. आज अकरावीच्या पुस्तकातलं ते चित्र मुलं पाठ करतात.

आणि १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स या अमेरिकन डॉक्टराने फुप्फुसातून काढलेला द्रव सरकत्या पट्टीच्या पन्हळीत घातला. पट्टी दाबली तसा पृष्ठताण खूपच खाली घसरला. आपल्या फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांना आतून साबणासारख्या पदार्थाचं, सरफॅक्टंटचं, अस्तर असतं. म्हणून श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटत नाहीत. दोन वर्षांनी मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची जी बाळं श्वासासाठी तडफडून जात, त्यांच्यात हाच पदार्थ नसतो. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी तो बाहेरून देऊन बाळं वाचवली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी नात एकतिसाव्या आठवड्यात मिरजेला जन्मली. रात्री दोन वाजता डॉक्टर बाहेर आले आणि मुलाला म्हणाले, फुप्फुसं उघडत नाहीयेत, सरफॅक्टंट द्यावं लागेल, नळीतून, महाग आहे. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, ‘सही कर. पन्हळीतलं आहे ते.’ त्याला वाटलं आईला झोप नाही, काहीतरी बरळतेय. नात आता सायकल चालवते आणि इमारतीत सर्वांत मोठ्याने ओरडते.

विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्याचंही सांगते. माझं माहेर तासगावकडचं, भावाची द्राक्षबाग. बेदाणा करताना घड आधी डिपिंगच्या पाण्यात बुडवतात: लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर पडू देत नाही. हे तेल त्या मेणात वाटा करून देतं आणि घड रॅकवर पंधरा दिवसांत वाळतो. ही रीत भूमध्य समुद्राकाठची, फार जुनी. ती पॉकेल्सबाईंच्या खात्यावर टाकायचा माझा इरादा नाही. पण ती का चालते हे समजायला पृष्ठरसायनच लागतं.

आणि सासर जतकडचं. तिथे उलटं दुखणं, पाणी उडून जाऊ नये म्हणून. तलावावर सीटाइल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थाचा एका रेणूचा थर पसरून बाष्पीभवन कमी करायचे प्रयोग १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात झाले, नंतर आपल्या देशातही झाले. मी हिशेब केला: एक हेक्टर पाणी झाकायला कागदावर फक्त २० ग्रॅम पुरतात. पाटबंधारे खात्यातल्या दिरांना मोठ्या उत्साहाने दाखवला. ते हसले. ‘वहिनी, जतचा वारा विसरलात.’ खरंच आहे. वारा सगळा थर लोटून एका काठाला गोळा करतो. म्हणजे प्रत्यक्ष पट्टी नसली तरी वारा पट्टीचंच काम करतो. बाईंनी हे पन्हळीत पाहिलं असतं तर त्या हसल्या नसत्या, वाऱ्याचा वेग लिहून घेतला असता.

त्यांना मान मिळाला तो अगदी शेवटी. १९३१ मध्ये जर्मनीतल्या कोलॉइड संस्थेचं पारितोषिक, आणि १९३२ मध्ये सत्तराव्या वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाची मानद डॉक्टरेट. त्या वर्षी त्यांच्या कामावर गौरवलेख लिहिला तो व्होल्फगांग ऑस्टवाल्ड यांनी, रेणू न मानणाऱ्या त्या ऑस्टवाल्डांच्या मुलाने. १९३५ च्या नोव्हेंबरात बाई गेल्या.

विनंती एवढीच. येत्या १२ मार्चला दुरुस्तीची चार ओळींची चौकट टाका. त्यात ‘गृहिणी’च्या जागी ‘भौतिक रसायनशास्त्रज्ञ’ लिहा आणि ‘योगायोगाने’ हा शब्द काढा. त्या जागी दुसरं काही सुचलं नाही तर ‘दहा वर्षं मोजून’ चालेल. माझं नाव छापायची गरज नाही.

पन्हळ २०१९ च्या पुरात आठ दिवस पाण्याखाली होती. माझी एम.एस्सी.ची वही लगदा झाली, पण पत्रा टिकला. एका कोपऱ्याला गंज आहे, तो पुन्हा झाळून घेतला. शाळेने निवृत्तीच्या वेळी ती मलाच दिली. आपल्या वार्ताहराला पाहायची असेल तर शनिवारी दुपारी पाठवा. येताना केसांना तेल लावू नये म्हणावं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
विश्रामबाग, सांगली